अपघात आंधळा नसतो

गावात किंवा वस्तीत एखादा अपघात झाला की माणसे गोळा होतात. कोणी पाणी आणतो, कोणी गाडी शोधायला धावतो. थोड्या वेळाने गर्दी पांगते, आणि जाता जाता एकजण तरी म्हणतो, “काय करणार! नशिबात होते.” हे वाक्य तुम्हीही कित्येकदा ऐकले असेल. त्यात सहानुभूती असते. पण त्यात एक मोठी चूकही दडलेली असते. हिवताप डासामुळे होतो, पटकी दूषित पाण्यामुळे होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तेथे आपण नशिबाला दोष देत नाही. मग हात तुटणे, अंग भाजणे, डोके फुटणे यांनाच नशीब का लागावे? यांनाही कारणे आहेत, नियम आहेत आणि म्हणूनच उपायही आहेत.

विद्यार्थीमित्रहो, या लेखात आपण दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. पहिला प्रश्न असा : इजा होते म्हणजे नेमके काय होते? आणि दुसरा : सारखीच इजा एकाला पंधरा दिवसांत बरी होते, तर दुसऱ्याला जन्मभराचे अपंगत्व देते, असे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र आपल्याला प्रयोगशाळेच्या बाहेर, शेतात, रस्त्यावर आणि दवाखान्याच्या दारात जावे लागेल.

इजा म्हणजे काय?

पहिल्या महायुद्धाच्या काळात ह्यू डीहेवन नावाचा एक तरुण विमान चालवण्याचे शिक्षण घेत होता. त्याच्या विमानाला अपघात झाला, पण तो वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याच्या मनातून जाईना. पुढे त्याने ५० ते १५० फूट उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांची माहिती गोळा केली आणि १९४२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याला असे आढळले, की ही माणसे दैवाने वाचलेली नव्हती. कोणी भुसभुशीत मातीत पडले होते, कोणी पत्र्यावर पडले होते आणि पत्रा आत दबला होता. पडणारे शरीर एकदम न थांबता थोडे अंतर जाऊन थांबले होते.

आपण याचा हिशेब करू. समजा, एक मुलगा थांबेपर्यंत एकूण २ मीटर खाली आला. फरशीवर आपटताना त्याचे शरीर अवघ्या २ सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्याच्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे १०० पट बल येते. तोच मुलगा कडब्याच्या गंजीवर पडला आणि ४० सेंटिमीटर आत जाऊन थांबला, तर हे बल त्याच्या वजनाच्या सुमारे ५ पट एवढेच राहते. उंची तीच, मुलगा तोच. पण पहिल्या वेळी हाड मोडेल आणि दुसऱ्या वेळी तो हसत उठेल. स्कूटर चालवणाऱ्याच्या हेल्मेटमध्ये थर्मोकोलसारखा जाड थर असतो, तोही याचसाठी. तो चेपला जातो आणि डोक्याला थांबण्यासाठी दोनतीन सेंटिमीटर जास्त अंतर मिळते. तेवढेच पुष्कळदा जीव वाचवते.

म्हणजे इजा करणारी गोष्ट आहे ऊर्जा. आपल्या शरीराला जेवढी सोसवते त्याहून अधिक ऊर्जा थोड्या वेळात शरीरात शिरली, की इजा होते. ही ऊर्जा गतीची असेल, उष्णतेची असेल किंवा विजेची असेल. गतीच्या ऊर्जेविषयी तुम्ही शिकला आहातच : वेग दुप्पट झाला, की ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीपेक्षा ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी तीच मोटार चौपट ऊर्जा घेऊन येते. उष्णतेचेही असेच. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्याने खोल भाजायला काही मिनिटे लागतात. ६० अंशांच्या पाण्याला सुमारे ५ सेकंद पुरतात. ७० अंशांना एखादा सेकंद. चुलीवरून नुकताच उतरवलेला चहा याहूनही गरम असतो, हे लक्षात घ्या.

तीन वेळा, तीन दारे

डीहेवनने सुरू केलेला विचार पुढे विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरने १९७० च्या सुमारास नीट मांडला. तो म्हणाला, प्रत्येक अपघाताला तीन वेळा असतात : आधीची, घडतानाची आणि नंतरची. या तीनही वेळांना उपाय करता येतो. आधी, ऊर्जा सुटूच नये असे करायचे. घडताना, सुटलेली ऊर्जा शरीरापर्यंत कमी पोचेल असे करायचे. नंतर, झालेली इजा वाढू न देता माणसाला पुन्हा उभे करायचे. घराला तीन दारे असावीत आणि चोर पहिल्या दारातून आत आला तरी दुसऱ्यात अडावा, तसेच हे आहे.

पण येथेच आपला दुसरा प्रश्न पुढे येतो. ही तीन दारे सगळ्यांच्याच घरांना आहेत काय?

अपघात कोणाला गाठतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात रस्त्यावरील अपघातांत सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरण पावली. त्यांपैकी शेकडा ९२ मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. जगातली सगळी वाहने याच देशांत आहेत, म्हणून असे झाले काय? नाही. तेथे जगातील सुमारे शेकडा ६० वाहने आहेत. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक मोटारीत बसलेले नव्हते. ते पायी चालणारे, सायकलवरचे किंवा मोटारसायकलवरचे होते. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मरण पावली. त्यांत शेकडा ४४ च्या आसपास दुचाकीवरची आणि १९ च्या आसपास पायी चालणारी होती. मोटारीत बसलेल्याभोवती पत्रा असतो, पट्टा असतो, हवेची पिशवी असते. चालणाऱ्याच्या अंगावर फक्त सदरा असतो.

भाजण्याचेही तसेच आहे. जगात दर वर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसे भाजून मरतात. त्यांतील बहुतेक गरीब देशांतील असतात, आणि पुष्कळांना स्वतःच्या घरातच आग गाठते.

तेव्हा अपघात आंधळा नसतो. तो कोणाही माणसावर सारख्याच शक्यतेने पडत नाही. जेथे दारे उघडी आहेत, तेथेच तो शिरतो.

यावर पुष्कळजण एक उपाय सुचवतात : लोकांना सावध राहायला सांगा. सल्ला चांगला आहे. पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. रात्री दोन वाजता, सकाळपासून राबलेला मजूर मळणी यंत्रावर पेंढ्या सारत आहे. त्याला “सावध राहा” असे सांगणे म्हणजे त्याच्याजवळ जी गोष्ट शिल्लकच नाही, ती मागणे होय. तीन मुलांना घरी ठेवून शेतावर जाणाऱ्या आईला “मुलांवर लक्ष ठेवा” म्हणून काय उपयोग? ज्याला विश्रांती आहे, ज्याच्या घरात माणसे आहेत, ज्याची वस्तू चांगल्या बनावटीची आहे, त्याला सावध राहणे सोपे असते. म्हणून खरा उपाय तो, जो थकलेल्या माणसालाही वाचवतो आणि ज्यासाठी रोज आठवण ठेवावी लागत नाही. असे काही उपाय माणसांनी खरोखर शोधले आहेत. त्यांपैकी तीन पाहू.

बाटलीतला दिवा

औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून, त्यात नळीतून वात घालून केलेली रॉकेलची चिमणी तुमच्या आजीआजोबांना चांगली ठाऊक असेल. श्रीलंकेतही खेड्यापाड्यांत असेच दिवे वापरीत. बाटली उंच, हलकी आणि बूडाशी अरुंद. मांजराचा धक्का लागला किंवा झोपेत हात लागला, की ती आडवी होई, घरंगळत जाई, बूच निघे आणि रॉकेल पेट घेई. विजया गोदाकुंबुरा हे तेथील शल्यचिकित्सक. भाजलेले रुग्ण, त्यांत लहान मुले आणि स्त्रिया, त्यांच्यापुढे सारखे येत. त्यांच्या मनात आले, की जखमा शिवत बसण्यापेक्षा दिवाच बदलला तर?

१९९२ मध्ये त्यांनी एक दिवा तयार केला. तो बुटका होता, जाड काचेचा आणि जड होता. त्याच्या दोन बाजू सपाट होत्या, म्हणजे आडवा पडला तरी घरंगळत जाणार नाही. त्याला आट्यांचे धातूचे झाकण होते, म्हणजे तेल सांडणार नाही. बस्स, एवढेच. या कामासाठी १९९८ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

हे तुम्ही भूमितीनेही पडताळून पाहू शकता. वस्तू कलली, आणि तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा बुडाच्या बाहेर गेली, की वस्तू पडते. समजा, एका बाटलीचे बूड ६ सेंटिमीटर रुंद आहे आणि गुरुत्वमध्य १२ सेंटिमीटर उंचीवर आहे. ती १४ अंश कलताच पडते. तेवढ्याच बुडाच्या बुटक्या दिव्याचा गुरुत्वमध्य ३ सेंटिमीटरवर असेल, तर तो ४५ अंशांपर्यंत कलून पुन्हा उभा राहतो.

आता या दिव्यात महत्त्वाचे काय ते पाहा. तो वापरणाऱ्याला काही शिकावे लागत नाही, काही लक्षात ठेवावे लागत नाही. घरातले सगळे झोपले तरी दिव्याची बुटकी, जड घडण जागी असते. आज बहुतेक घरांत वीज आल्यामुळे चिमणी मागे पडली आहे; पण तिच्यापासून घ्यावयाचा धडा जुना झालेला नाही.

पन्हळ आणि खिट्टी

हरितक्रांतीबरोबर १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उत्तर भारतात शक्तीवर चालणारी मळणी यंत्रे मोठ्या संख्येने आली. बैलांचे आठ दिवसांचे काम एका रात्रीत होऊ लागले. त्याबरोबरच हात गमावलेली माणसेही इस्पितळात येऊ लागली. कारण समजण्यासाठी थोडे गणित करू. यंत्रातील दाते असलेला ढोल समजा ६० सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला ६०० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला १० फेरे. त्याच्या कडेचा वेग होतो सेकंदाला सुमारे १९ मीटर. माणसाला काही जाणवून हात मागे घ्यायला कमीत कमी एकपंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात दाते जवळजवळ ४ मीटर पुढे गेलेले असतात. पेंढीबरोबर एकदा बोटे ओढली गेली, की जगातील सर्वांत सावध माणूससुद्धा हात काढून घेऊ शकणार नाही.

उपाय मात्र साधा आहे. पेंढ्या ज्या पन्हळीतून आत सारतात, ती पन्हळ हातापेक्षा लांब हवी. मोठ्या माणसाचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत साधारण ७० ते ७५ सेंटिमीटर असतो. भारतीय मानकाप्रमाणे मळणी यंत्राच्या पन्हळीची लांबी कमीत कमी ९० सेंटिमीटर असली पाहिजे, आणि तिचा यंत्राकडील निदान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला पाहिजे. झाकणामुळे पुढे वाकून हात आत घालता येत नाही. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांविषयी कायदा केला, तोही मुख्यतः या मळणी यंत्रांमुळेच.

मग अजूनही हात का जातात? कारण आखूड पन्हळीचे यंत्र बनवायला थोडा पत्रा कमी लागतो. यंत्र विकत घेणारा एक असतो आणि हात घालणारा दुसरा असतो. वाचलेला पैसा मालकाच्या खिशात राहतो. गमावलेला हात मजुराचा असतो. विज्ञानाने उपाय सांगितला, पण तो कोणी अमलात आणायचा हे विज्ञान एकटे ठरवू शकत नाही. त्यासाठी कायदा लागतो, तपासणी लागते आणि प्रश्न विचारणारे गावकरी लागतात.

तुमच्या घरी गाईम्हशी असतील, तर कडबाकुट्टी यंत्र तुम्ही पाहिलेच असेल. हाताने फिरवायच्या यंत्राच्या मोठ्या चाकाला पाती बसवलेली असतात. दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी उत्तर भारतातील खेड्यांतून शेतीतील इजांची पाहणी केली. तेव्हा या यंत्राने जखमी झालेल्यांत मुलांची संख्या मोठी असल्याचे दिसून आले. यातील पुष्कळ मुले काम करीत नव्हती, खेळत होती. एकाने चाक फिरवले, दुसऱ्याचे बोट पात्याखाली किंवा दात्यांच्या चाकात गेले. या संशोधकांनी यंत्रात थोडे फेरफार सुचवले : काम नसताना चाक जखडून ठेवणारी खिट्टी, पात्यापुढे आड, दात्यांच्या चाकांवर झाकण. एका खिट्टीला किती खर्च येतो? आणि एका बोटाची किंमत किती?

पहिला तास

आतापर्यंत आपण पहिली दोन दारे पाहिली. ती दोन्ही उघडी राहिली आणि इजा झालीच, तर तिसरे दार उरते. येथे वेळेला सर्वांत अधिक महत्त्व आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील २ लिटर वाहून गेले, तर जीव धोक्यात येतो. मोठी रक्तवाहिनी तुटली, तर ही गोष्ट काही मिनिटांत घडते. म्हणून जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरणे, हे दवाखान्यापर्यंत थांबण्याचे काम नाही. ते जो जवळ असेल त्याने करायचे असते.

भाजलेल्या जागेवर लगेच साधे थंड वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. कातडीत शिरलेली उष्णता आतल्या आत पसरत असते. पाणी तिला बाहेर काढते. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. शाई, हळद, टूथपेस्ट, तूप किंवा बर्फ लावू नये. आता विचार करा : एका घरात नळ आहे, दुसऱ्या घरात पाण्यासाठी मैलभर चालावे लागते आणि हंड्यात आज पिण्यापुरतेच पाणी आहे. दोन्ही घरांत सारख्याच गरम चहाने सारखेच मूल भाजले, तर दोघांच्या जखमा सारख्या राहतील काय? पाण्याचा नळ हे इजेवरचे औषधही आहे, ते असे.

तुटलेला हात पुन्हा जोडता येतो, हे तुम्ही वाचले असेल. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवून न्यावी लागते. बर्फ त्या भागाला थेट लागता कामा नये. थंड ठेवला नाही, तर स्नायू असलेला भाग सुमारे ६ तासांत निकामी होतो. पण सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच असतात. शहरातल्या कारखान्यातील कामगाराला ते अर्ध्या तासावर असतील. डोंगरातल्या वाडीवरील मजुराला मोटार मिळण्यातच चार तास जातील. घड्याळ दोघांचे एकच, अंतर वेगळे.

हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. पूर्वी पोलिसांची कागदपत्रे झाल्याशिवाय जखमीला हात न लावण्याची वाईट रीत पुष्कळ ठिकाणी होती. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, कागदपत्रे नंतर. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिला भाडे द्यावे लागत नाही. आणि रस्त्यावरील जखमीला मदत करणाऱ्याला कोर्टकचेरीचा त्रास होऊ नये, यासाठी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तरतूद झाली. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला आता आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. हे तुमच्या घरातील मोठ्या माणसांना ठाऊक आहे काय? विचारून पाहा.

उकिडवे बसता येणारा पाय

जखम भरली, टाके निघाले, म्हणजे माणूस बरा झाला असे आपल्याला वाटते. पण पाय गमावलेल्या शेतकऱ्याची कहाणी तेथे संपत नाही. तेथे ती सुरू होते.

१९६० नंतरच्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंग इस्पितळात डॉ. प्रमोद करण सेठी यांना एक गोष्ट खटकत होती. पाय गमावलेल्यांना पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय दिला, तरी पुष्कळजण तो वापरीतच नसत. असे का? पाय वाईट नव्हता. पण तो बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवलेला होता. त्याचा घोटा वाकत नसे. आपल्याकडे माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, अनवाणी देवळात जातो, चिखलात भाताची लावणी करतो. बूट चिखलात खराब होई, आणि बुटाशिवाय त्या पायाने चालता येत नसे.

त्याच इस्पितळात रामचंद्र शर्मा नावाचे कुशल कारागीर होते. फारसे शाळा न शिकलेले, पण हातात कसब असलेले. त्यांनी आणि डॉ. सेठींनी मिळून १९६८ च्या सुमारास रबराचा एक नवा पाय घडवला. आत लाकूड आणि स्पंजासारखे रबर, बाहेर पक्क्या रबराची कातडी. कच्चे रबर गंधकाबरोबर तापवले, की ते चिवट आणि टिकाऊ होते. मोटारीच्या टायरवर रबर चढवतात, तेव्हा हीच क्रिया होते. हा पाय घोट्यात सगळीकडे थोडा वाकतो. तो घालून उकिडवे बसता येते, अनवाणी चालता येते, झाडावरही चढता येते. बोटांचा आकार असल्यामुळे तो पायासारखा दिसतोही. हाच प्रसिद्ध ‘जयपूर फूट’. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण चांगला पाय बनला, म्हणजे तो गरिबापर्यंत पोचला असे होत नाही. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. ही संस्था पाय फुकट देते; पण तिने आणखी एक गोष्ट ओळखली. मजुराला पायाची किंमत जशी परवडत नाही, तशाच त्यासाठी घालवाव्या लागणाऱ्या मजुरीच्या खाड्याही परवडत नाहीत. म्हणून दुरून येणाऱ्याची राहण्याजेवणाची सोय करायची आणि शक्य तितक्या लवकर पाय बसवून त्याला घरी पाठवायचे, अशी पद्धत तेथे ठेवली. दुरून, कुबडीवर आलेल्या माणसाला “पुढच्या आठवड्यात या” असे सांगणे म्हणजे पुष्कळदा “येऊ नका” असेच सांगणे असते.

समान आणि समन्यायी

आता या साऱ्याचा अर्थ जमवू. सर्वांना सारखीच सूचना, सारखेच यंत्र, सारखाच पाय दिला, तर ते समान वाटप झाले. पण सगळ्यांची सुरुवात सारख्या जागेवरून होत नाही. महाराष्ट्रात पाण्याच्या प्रश्नावर ‘समन्यायी वाटप’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताला आपोआप पाणी मिळते. शेपटाकडच्या शेताला मिळावे म्हणून मुद्दाम व्यवस्था करावी लागते. सुरक्षिततेचेही तसेच आहे. हेल्मेट, पट्टा, रुग्णवाहिका, तज्ज्ञ डॉक्टर, व्यायामोपचार हे सगळे वरच्या शेताला आधी मिळते. शेपटाकडच्या माणसासाठी मुद्दाम विचार करावा लागतो : तो कसा बसतो, किती वाजेपर्यंत राबतो, त्याच्या घरी पाणी आहे की नाही, त्याला बसभाडे परवडते की नाही. बुटका दिवा, लांब पन्हळ आणि वाकणारा पाय, या तीनही वस्तू अशाच प्रश्नांतून जन्मल्या. त्या बनवणाऱ्यांनी माणसाला वस्तूप्रमाणे वागायला लावले नाही. वस्तूच माणसाप्रमाणे घडवली.

पुढच्या वेळी तुमच्या गावात एखादा अपघात होईल, आणि कोणी म्हणेल, “नशिबात होते.” तेव्हा मदतीचे काम संपले, की शांतपणे तीन प्रश्न विचारा. हे आधी टाळता आले असते काय? घडताना इजा कमी झाली असती काय? आणि आता या माणसाला पुन्हा उभे राहायला काय लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजेच विज्ञान होय.

करून पाहा

१. एक उंच आणि एक बुटकी अशा दोन बाटल्या घ्या. त्यांत सारखेच पाणी भरून बुचे घट्ट लावा. प्रत्येक बाटली फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. बाटली घसरू नये म्हणून तिच्या बुडापुढे पातळ पट्टी ठोका. कोनमापकाने दोन्हींचे पडण्याचे कोन मोजा. (दिवा पेटवून हा प्रयोग मुळीच करू नये.)

२. वर्गातील प्रत्येकाच्या हाताची, खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, लांबी मोजा. सर्वांत लांब हात किती? गावात मळणी यंत्र असेल, तर ते बंद असताना, मालकाच्या परवानगीने आणि शिक्षकांबरोबर जाऊन पन्हळीची लांबी व झाकणाची लांबी मोजा. मानकाशी तुलना करा.

३. शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. धोक्याच्या जागा लाल खुणेने दाखवा : कठडा नसलेली विहीर, लोंबणारी तार, वळणावरचा भरधाव रस्ता. प्रत्येक खुणेपुढे लिहा : येथून रोज कोण जाते? उपाय कोणाच्या हातात आहे? वर्गाचा एकत्र नकाशा शिक्षकांच्या मदतीने ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्या.

विचार करा

१. रस्त्यावर “हळू चालवा” ही पाटी लावणे आणि गतिरोधक बांधणे, या दोन उपायांत कोणता फरक आहे?

२. तुमच्या वस्तीतून रुग्णवाहिका जवळच्या मोठ्या इस्पितळात पोचायला किती वेळ लागतो? पावसाळ्यात तो बदलतो काय?

३. तुमच्या शाळेत कुबडी घेतलेला किंवा कृत्रिम पाय बसवलेला विद्यार्थी आला, तर त्याला कोठे कोठे अडचण येईल? त्यांतील कोणती अडचण तुम्ही स्वतः या महिन्यात दूर करू शकाल?